संग्रहालयातील लाकूड

चांगल्या संग्राहकाचे ऋण आपण मानतोच. पण त्याच्या कपाटाची काच म्हणजे वस्तूच्या आयुष्यावरचा अखेरचा निवाडा नव्हे, एवढे प्रस्तुत टिपणात सांगावयाचे आहे.

पुण्यात बाजीराव रस्त्यालगत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. सुमारे १९२० पासून त्यांनी दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, कोरीव दारे असा घरगुती ठेवा जमविण्यास आरंभ केला, संग्रहाला बालवयात गेलेल्या आपल्या मुलाचे नाव दिले, आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांच्या घरातला हा संसार पाहताना कवीची नजर जाणवते. इतिहासकाराने ज्याकडे ढुंकूनही पाहिले नसते, त्या माजघरातील अडकित्त्यात तिला सौंदर्य दिसले. हा गुण थोर आहे.

परंतु हा संग्रह आपल्याशी इतका बोलतो कशामुळे? पाहणाऱ्याच्या आजीने तसाच करंडा वापरलेला असतो, म्हणून. वस्तूच्या अर्थाचा निम्मा भाग प्रेक्षक घरून घेऊन येत असे. तो येईनासा झाला म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी दूर आफ्रिकेतील माली देशाकडे वळावे लागते.

तेथे बामाना नावाचे लोक राहतात. त्यांच्यात लाकूड कोरण्याचे काम परंपरेने लोहाराचे. ग्वान मंडळाच्या मूर्तींत मूल मांडीवर घेतलेली, ताठ बसलेली माता असते. मूल होण्यात अडचण असलेल्या स्त्रिया या मंडळाकडे येत. उत्सवापूर्वी मूर्तीला स्नान घालीत, तेल लावीत, मणी व वस्त्र चढवीत. आपल्या देव्हाऱ्यातील सोपस्कारांशी हे किती जवळचे आहे, हे वाचकाला सांगावयास नको.

हा प्रदेश फ्रेंचांच्या ताब्यात होता. १९३१ मध्ये डाकारहून जिबूतीकडे निघालेल्या फ्रेंच संशोधन मोहिमेने केमेनी गावी कोनो मंडळाची पवित्र वस्तू धाकदपटशाने उचलली व गावाच्या हाती दहा फ्रँक टेकविले. मोहिमेचा लेखनिक मिशेल लेरिस याने १९३४ च्या आपल्या पुस्तकात हे प्रांजळपणे लिहून ठेवले. पुढे १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ प्रिमिटिव्ह आर्टमध्ये रॉबर्ट गोल्डवॉटर यांनी या लोकांच्या शिल्पांचे प्रदर्शन मांडले, ते ‘बंबारा’ या बाहेरच्यांनी रूढ केलेल्या नावाने. त्याच वर्षी माली स्वतंत्र झाला.

न्यूयॉर्कच्या रसिकाला त्या मातेत निव्वळ आकार दिसला, आणि तो खरोखरच भव्य आहे. पण तेल घालणारे हात त्याला ठाऊक नव्हते. म्हणून त्याने जे पाहिले त्यालाच ‘शुद्ध कला’ म्हटले. शुद्धतेचा हा गौरव पुष्कळदा अज्ञानाचाच सभ्य पोशाख असतो.

केळकरांना या मोहिमेच्या पंक्तीला बसविणे अन्यायाचे होईल. ते परके नव्हते. आपल्याच माणसांच्या दारी आयुष्यभर हिंडले. मात्र काळ आपल्यालाच परके करीत आहे. वज्रीने टाच घासतात हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागते. काही वर्षांनी तो त्या वज्रीकडे न्यूयॉर्कच्या रसिकाप्रमाणेच पाहील, छान घाट आहे म्हणेल व पुढे जाईल.

आमच्या मराठवाड्यात जुने वाडे उतरविले जातात, सागवानी चौकटी व्यापाऱ्याकडे जातात, आणि हळदीकुंकवाची पुटे खरवडून पॉलिश चढते. चौकट वाचते, पण तिचे गाव पुसले जाते. संग्रहालयाच्या दारावर संग्राहकाचे नाव असते. चौकट कोरणाऱ्या सुताराचे सहसा कोठेच नसते. तेव्हा वस्तू घराबाहेर पडण्यापूर्वी गाव, घर, सुतार आणि तिचा वापर एवढ्या चार गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात. हे काम कोणत्याही शाळेतील मुले करू शकतील. काच धूळ अडविते. विस्मरण अडविण्यासाठी शब्दच हवेत.