'क्वारंटीन'मधील भागू : एक विचार

राजिंदरसिंग बेदी यांची 'क्वारंटीन' ही उर्दू कथा प्लेगच्या साथीची कथा म्हणून ओळखली जाते. वस्तुतः तिचा विषय रोग नसून रोगाने माणसामाणसांत पाडलेले अंतर हा आहे. कथेतील लोकांना प्लेगपेक्षा क्वारंटीनचीच धास्ती अधिक वाटते. १८९७ सालच्या पुण्यातील घरझडत्यांचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकास हे नवल वाटणार नाही. रोगी लपविण्यामागे मरणाच्या भयाइतकेच कलंकाचे भय असते.

निवेदक डॉक्टर असला तरी कथेचा खरा नायक भागू हा झाडूवाला होय. धंद्याने हीन लेखलेला आणि धर्माने ख्रिस्ती, असा तो गावाला दुहेरी परका आहे. इतर ज्यांच्या जवळ जात नाहीत त्या रोग्यांची तो निर्भयपणे सेवा करतो. त्याची पत्नी प्लेगने जाते, तरी तो काम सोडीत नाही. अखेरीस सत्कार होतो तो डॉक्टरचा. त्या सन्मानाची डॉक्टरला वाटणारी लाज हे कथेचे मर्म आहे.

तथापि एक उणीव नोंदविली पाहिजे. भागूचे दुःख आपण डॉक्टरच्याच डोळ्यांनी पाहतो आणि पुढील सेवेच्या तेजात ते लवकरच विरून जाते. त्याचे मन खचले असेल काय, हा प्रश्न उरतोच. कलंकित माणसाला संत ठरविणे हाही त्याला दूर ठेवण्याचाच एक सभ्य मार्ग होय.

२०२० च्या कोरोना साथीने या प्रश्नाला नवी धार आणली. ईशान्य भारतातील तरुणांना चेहरेपट्टीवरून रोगाच्या नावाने हिणविले गेले. दिल्लीतील तबलिगी मेळाव्यानंतर सबंध मुस्लिम समाजाकडे बोट दाखविले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचे बकरे केले गेल्याची शक्यता बोलून दाखविली. न्यायालय आरोप पुसू शकते. तो सोसलेल्या मनाची उदासी निकालपत्रात मावत नाही. तिला शब्द देणे हे साहित्याचे काम.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी बोलणारी मुले शेजारी शेजारी वाढतात. त्यांच्यापुढे ही कथा ठेवताना 'थोर कोण, डॉक्टर की भागू?' हा ठरावीक प्रश्न शिक्षकांनी बाजूस सारावा. पत्नी गेली त्या रात्री भागू स्वतःशी काय बोलला असेल, हे प्रत्येकाला आपापल्या भाषेत लिहू द्यावे.