‘प्रायव्हेट’ म्हणजे सुरक्षित?

‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचे फायदे सांगा’ हा बारावीच्या संगणकशास्त्रातला नेहमीचा प्रश्न. त्याचे ठरलेले उत्तर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या मुलांच्या वह्यांत आम्ही पुन्हा पुन्हा वाचले आहे : माहिती ‘प्रायव्हेट’ केली की ती सुरक्षित होते. हे वाक्य गाईडातून वहीत येते, वहीतून पेपरात जाते आणि गुण मिळवून देते. आमचा आक्षेप ‘सुरक्षित’ या शब्दाला आहे. कोणापासून सुरक्षित, हे त्या उत्तरात कोठेच नसते.

बँकेच्या खात्याचे उदाहरण बहुतेक वर्गांत असते, तेच घेऊ. शिल्लक १००० रुपये, आणि ती प्रायव्हेट. पैसे काढण्याचे फंक्शन पब्लिक. मागितलेली रक्कम शिल्लकीपेक्षा जास्त नाही ना, एवढे ते पाहते आणि वजाबाकी करते. आता त्याला उणे ५०० रुपये काढायला सांगा. उणे ५०० हे १००० पेक्षा कमीच, म्हणून तपासणी पार पडते. आणि १००० वजा उणे ५०० म्हणजे १५००! शिल्लक प्रायव्हेटच राहिली, तिला बाहेरून कोणी हात लावला नाही, तरी खातेदार ५०० रुपयांनी श्रीमंत झाला. वर्गात हे जरूर करून पाहावे. रक्कम शून्यापेक्षा मोठी हवी, एवढी अट घातली की हे भोक बुजते. पण ती अट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सुचावी लागते. प्रायव्हेट हा शब्द ती घालून देत नाही.

मग तो शब्द करतो काय? समजा, अंबरनाथ स्टेशनच्या पुलावर टीसी उभा आहे आणि गाडीत बसण्याआधीच सर्वांचे पास पाहतो आहे. गाडी सुटल्यावर मात्र डब्यात फक्त ‘प्रथम वर्ग’ ही पाटी उरते. सी प्लस प्लसचा कंपायलर हा असा पुलावरचा टीसी आहे. भाषांतर करताना तो अडवतो. एकदा प्रोग्रॅम चालू झाला की स्मृतीतला कोणता बाइट प्रायव्हेट, याची खूण कोठेही नसते. खात्याच्या पत्त्याला साध्या पूर्णांकाचा पॉइंटर म्हणून वागवले, तर शिल्लक वाचताही येते आणि बदलताही येते. हे संरक्षण चुकून होणाऱ्या गोष्टींपासून आहे, मुद्दाम केलेल्या लबाडीपासून नाही, असे या भाषेचे जनक ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनीच स्पष्ट केले आहे. चुकीपासूनचे संरक्षण हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. वीस जण मिळून एक प्रोग्रॅम लिहितात तेव्हा ती कळते. पण तिला तिच्याच नावाने ओळखावे.

खऱ्या सुरक्षेचा विचार वेगळ्या टोकाकडून सुरू होतो. कारखान्याच्या रखवालदाराला फाटकाची किल्ली देतात, रसायनांच्या कोठाराची देत नाहीत. ज्याला जेवढे काम, तेवढाच अधिकार, हे तत्त्व सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ साली संगणकासाठी मांडले. मार्क मिलर यांनी २००६ च्या आपल्या प्रबंधात ते ऑब्जेक्टना लावले : एखाद्या ऑब्जेक्टच्या हाती ज्यांचे संदर्भ दिले, त्यांच्यावरच त्याची सत्ता चालावी. संदर्भ हीच किल्ली. मात्र त्यासाठी भाषेत पॉइंटरच्या खेळासारखे मागचे दार असता कामा नये. खात्याचा उतारा छापणाऱ्या ऑब्जेक्टला अख्खे खाते कशाला द्यावे? फक्त शिल्लक सांगणारा छोटा ऑब्जेक्ट पुरे. सी प्लस प्लसमध्ये याने चोर अडणार नाही, पण छपाईतली चूक खात्यापर्यंत पोचणार नाही.

याच मुलांतली काही उद्या पतपेढीचे नाहीतर दवाखान्याचे प्रोग्रॅम लिहितील. तेव्हा प्रश्न निराळा विचारून पाहावा. खात्याचा क्लास फळ्यावर लिहावा आणि म्हणावे : शिल्लक प्रायव्हेट आहे, तरीही ती बिघडवण्याचे दोन मार्ग शोधा.