र. धों. कर्वे यांचा अश्लीलताविचार आणि ऑनलाइन अश्लीलचित्रांची आसक्ती

र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना निःसंकोच उत्तरे दिली. त्यावरून झालेल्या खटल्यात १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. अश्लीलता पाहणाऱ्याच्या मनात असते, ही कर्वे यांची भूमिका. अपराधगंडापुरती ती आजही ग्राह्य ठरते. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ पासून लागू झालेले रोगवर्गीकरण केवळ नैतिक अपराधभावातून येणाऱ्या त्रासास विकार मानत नाही. मात्र सहा महिने वा अधिक काळ नियंत्रण सुटणे, कामाकडे व नात्यांकडे दुर्लक्ष होणे, समाधान न मिळताही पाहत राहणे, ही विकाराची लक्षणे होत. येथे कर्वे यांचा विचार अपुरा पडतो. त्यांचा लढा अज्ञानाशी होता. मोबाईलवरील अखंड उपलब्धतेपुढे केवळ ज्ञान पुरत नाही, उपचारही लागतो. लज्जा मात्र तेव्हाही निरुपयोगी होती, आजही आहे.