घड्याळाची जुनी चेन : मनगटाचं सुख आणि संग्राहकाचा भाव

तत्त्वज्ञानाच्या माणसाने घड्याळाच्या चेनवर काय बोलावे, असे काहींना वाटत असेल. पण 'मूल्य म्हणजे काय' हा प्रश्न आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवला, आणि त्यातला खरा पेच आम्हाला कळला तो वडिलांच्या घड्याळापाशी.

वडील इथल्याच, चेंबूरच्या एका कारखान्यात होते. घड्याळ एचएमटीचं, स्टीलच्या चेनचं. १९६१ साली एचएमटीने बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळांचा कारखाना काढला, आणि पुढे कितीतरी घरांत नोकरीतलं किंवा लग्नातलं पहिलं घड्याळ म्हणजे एचएमटी हे ठरूनच गेलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. आता संग्राहक ती घड्याळं शोधत फिरतात.

वडील गेल्यावर असेच एक संग्राहक घरी आले. घड्याळ हातात घेतलं, चेन आडवी धरली आणि म्हणाले, "दोन कड्या कमी आहेत, चेनही ढिली पडलीय. भाव उतरणार." त्या दोन कड्या शेवटच्या आजारपणात आम्हीच काढून आणल्या होत्या. वडिलांचं मनगट बारीक झालं होतं, घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं. संग्राहक चुकीचं काही बोलले नाहीत. आम्हाला मात्र त्या दिवशी घड्याळ विकवलं नाही. असं का झालं, ते आज पाहू.

जुन्या चेनच्या जाहिरातींत दोन दावे शेजारी शेजारी असतात : 'अत्यंत आरामदायी' आणि 'न वापरलेली'. आमचा आक्षेप इथे आहे. जी कुणी घातलीच नाही ती आरामदायी आहे हे ठरवलं कुणी?

यावर उत्तर आहे, आणि ते टाळता येणार नाही. एक आराम घडणीतला असतो. जुन्या चेनच्या कड्या बऱ्याचदा पातळ पत्रा दुमडून केलेल्या, आतून पोकळ. त्यामुळे वजन कमी. चेन घड्याळाजवळ रुंद आणि लॉककडे अरुंद होत जाते, म्हणून मनगटाखाली टोचत नाही. लॉकच्या बाजूला छोटी भोकं असतात. पिन एक भोक पुढे सरकवली की उन्हाळ्यात सुजलेल्या हाताला जागा मिळते. मुंबईच्या पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, घामाने वास येतो. स्टील धुतलं, पुसलं की झालं. हा आराम वस्तूतच आहे. तो विकता येतो, जपून ठेवता येतो.

दुसरा आराम सवयीतला. संग्राहक ज्याला 'स्ट्रेच' म्हणतात, त्यात स्टील ताणलं जात नाही. पिना आणि त्यांची भोकं झिजतात. घाम आणि धूळ कड्यांत शिरते, हात हलला की ती कानशीसारखी घासते. चेन सैल होते आणि हातावर कापडासारखी लवते. घालणाऱ्याला ती 'बसली' असे वाटते. विकत घेणाऱ्याच्या लेखी ती 'गेली'. झीज एकच, हिशेब दोन.

ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या भागात पायताणाचं उदाहरण दिलं आहे. पायताण पायात घालता येतं आणि देवाणघेवाणीतही देता येतं. दोन्ही त्याचेच उपयोग, पण ते घडलं पायासाठी. आपल्या चेनचा पेच याच्या एक पाऊल पुढचा. इथे पहिला उपयोग जितका करावा तितका दुसरा घटतो.

म्हणून संग्राहकाला हसायचं का? मुळीच नाही. जिनिव्हाच्या गे फ्रेर या कारखान्याने रोलेक्सपासून झेनिथपर्यंत कितीतरी कंपन्यांच्या चेन घडवल्या; १९९८ साली तो रोलेक्सनेच घेतला. रोलेक्सच्या चेनवर क्रमांक असतात : ७२०६ रिव्हेटची, ७८३६ दुमडलेल्या पत्र्याची, ७८३६० भरीव कड्यांची. जुन्या लॉकच्या आत तिमाही आणि वर्षाचा शिक्का सापडतो. हे वाचणारे, जपणारे संग्राहक नसते तर हा कारागिरीचा इतिहास भंगारात गेला असता. आपल्याकडे डायल रंगवून, भलतेच भाग जोडून विकलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ऐकून आपल्याला राग येतो, पण अस्सल म्हणून नक्कल विकणे ही फसवणूकच, आणि ती पकडायला हेच लोक लागतात.

तक्रार एवढीच, की भाव हा सुखाचा पुरावा म्हणून पुढे करू नका. महाग चेन दुर्मीळ आहे, एवढंच तो भाव सांगतो. ती तुमच्या मनगटाला कशी लागेल, हे मनगटच सांगेल. आणि कमी कड्यांची चेन अपुरी म्हणताना एवढं लक्षात असू द्या, की ती कुणाच्या तरी हाताची मोजदाद आहे.

घरी जुनी चेन असेल तर काढलेल्या कड्या डबीत ठेवा, टाकू नका. चेन घड्याळापासून सोडवून कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने धुवा. चकचकीत पॉलिश करू नका. कडांची धार एकदा गेली की परत येत नाही. फार झिजली असेल तर रोज न घालता सणावाराला घाला. पण घाला.

आमच्या दोन कड्या डबीत आहेत. आमचं मनगट वडिलांच्या धडधाकट मनगटाएवढंच, त्यामुळे त्या परत जोडल्या तर घड्याळ आम्हाला नीट बसेल आणि भावही थोडा चढेल. अजून जोडलेल्या नाहीत. तोवर चेन हाताला थोडी आवळते, आणि आम्ही ती तशीच घालतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.