मदतनीस कोण? – ‘साहाय्यकारी व्यवसाय’ या व्याख्येची तपासणी

समाजकार्याची ओळख करून देणारे मराठी पुस्तक उघडले की सुरुवातीलाच एक विधान भेटते : समाजकार्य हा साहाय्यकारी व्यवसाय आहे. विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे जातात. हे विधान घाईने ओलांडण्यासारखे नाही, असे माझे म्हणणे आहे. त्यातल्या दोन्ही शब्दांमागे जुनी भांडणे दडलेली आहेत आणि त्यांतले एक भांडण आपल्या कोकणच्या मातीत लढले गेले आहे.

आधी ‘व्यवसाय’ घेऊ. इंग्रजीत प्रोफेशन वेगळे आणि बिझनेस वेगळा. मराठीत वकिलीही व्यवसाय, मासेमारीही व्यवसाय आणि तारकर्लीतले निवासन्याहारीचे चार खोल्यांचे घर हाही व्यवसायच. त्यामुळे ‘व्यावसायिक समाजकार्यकर्ता’ म्हटले की सामान्य मराठी माणसाच्या कपाळाला आठी पडते. समाजसेवेचा धंदा मांडला, ही आपल्याकडची शिवी आहे. पाठ्यपुस्तके या आठीला लोकांचे अज्ञान समजतात आणि व्यवसायाची लक्षणे समजावू लागतात. मला त्या आठीत अज्ञान दिसत नाही. दुसऱ्याच्या अडचणीवर आपला चरितार्थ चालावा का, हा प्रश्न तिच्यात आहे आणि त्याचे उत्तर लक्षणांच्या यादीने मिळत नाही.

‘साहाय्यकारी’ हा शब्द तर बोलण्यात कोणी वापरतच नाही. आपण मदत करतो, हातभार लावतो, आधार देतो, पाठीशी उभे राहतो. या प्रत्येक शब्दात देणारा आणि घेणारा यांच्यातले अंतर वेगवेगळे आहे. हातभार लावणारा शेजारी उद्या माझा हातभार मागू शकतो. साहाय्य करणारा सहसा मागत नाही. ज्याला साहाय्य करायचे त्याला पुस्तकांनी ‘सेवार्थी’ असे नाव दिले आहे, विद्यार्थी या शब्दाच्या चालीवर. काही ठिकाणी वकिलांकडून उसना घेतलेला ‘अशील’ही दिसतो. मला अशील बरा वाटतो. अशील फी देतो, वकील बदलतो, वेळप्रसंगी वकिलावर डाफरतोही. सेवार्थ्याला यातले काय करता येते?

समाजकार्य हा व्यवसाय आहे का, हा प्रश्न पहिल्यांदा ठणकावून विचारला गेला तो अमेरिकेत, 1915 मध्ये. बाल्टिमोरला धर्मादाय संस्थांच्या राष्ट्रीय परिषदेत अब्राहम फ्लेक्सनर यांना बोलावले होते. वैद्यकीय शिक्षणाची झाडाझडती घेऊन त्यांनी आधीच नाव कमावले होते. त्यांनी व्यवसायाचे सहा निकष मांडले : बौद्धिक काम व त्याची वैयक्तिक जबाबदारी, शास्त्राचा पाया, ठरलेले व्यावहारिक उद्दिष्ट, शिकवता येईल असे तंत्र, स्वतःची संघटना आणि परोपकाराची प्रेरणा. मग त्यांनी निकाल दिला की समाजकार्य अजून व्यवसाय नाही, कारण समाजकार्यकर्ता हा मुख्यतः मध्यस्थ आहे. आजाऱ्याला डॉक्टरकडे, भांडणाऱ्याला वकिलाकडे आणि पोराला शाळेत पोचवणारा.

ही टीका समाजकार्याला फार लागली. दोनच वर्षांनी, 1917 मध्ये, मेरी रिचमंड यांचे ‘सोशल डायग्नोसिस’ प्रसिद्ध झाले. माणसाची हकीकत कशी घ्यावी, पुरावा कसा पडताळावा, निदान कसे करावे, याची पद्धत त्यात आहे. नावातला ‘डायग्नोसिस’ पाहा. डॉक्टरच्या शेजारची खुर्ची मिळवण्याचा तो प्रयत्न होता आणि ती धडपड आजही संपलेली नाही.

आपल्याकडे हे शास्त्र आले ते गिरणगावाच्या अंगणातून. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी मुंबईत नागपाड्याला नेबरहूड हाउस चालवले आणि त्यांच्याच पुढाकाराने 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभे राहिले. 1944 मध्ये त्याचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले. नागपाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातलेही, हजारो चाकरमानी गावकीच्या खोल्यांत राहत होते. एका खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपायचे, वर्गणी काढायची, नव्याने आलेल्याला गिरणीत चिकटवायचे, आजारी पडला तर बोटीत बसवून गावी धाडायचे, मेला तर खर्च वाटून घ्यायचा. या व्यवस्थेला कोणी समाजकार्य म्हटले नाही. ती आदर्शही नव्हती. खोली जातीची आणि भावकीची असे, बाहेरच्याला तिथे जागा नसे. व्यावसायिक समाजकार्याचा खरा दावा इथेच ऐकण्यासारखा आहे : आम्ही जात, गाव, ओळख न विचारता मदत करू. गावकीला हे कधी जमले नाही. आपल्याकडच्या परस्पर मदतीचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

आता कोकणातल्या भांडणाकडे येतो. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (1894–1971) आपल्याकडे ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले जातात. ही पदवी देऊन आपण त्यांना भिंतीवर टांगून ठेवले आहे. गांधीजींची आत्मकथा मराठीत आणणारे अप्पासाहेब 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगात मैला साफ करण्याचे काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच दिले जाई. हे काम मला द्या, अशी त्यांची मागणी होती. ती नाकारली गेली तेव्हा त्यांनी अन्न कमी केले, उपास धरला. येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला स्वतः उपोषण सुरू केले आणि सरकारकडून आश्वासन आल्यावर एक-दोन दिवसांत सोडले.

पाठ्यपुस्तकाच्या भाषेत या घटनेला काय म्हणावे? सेवार्थी कोण आणि साहाय्यक कोण? अप्पासाहेबांनी सफाई करणाऱ्या कैद्याला मदत केली नाही, त्याचे काम मागितले. एका माणसाचे दुःख हा त्यांनी प्रश्नच केला नाही, नियमाला हात घातला. व्यक्तिसहाय्य कार्याच्या प्रकरणात ही गोष्ट बसत नाही. म्हणून ती बहुधा ‘समाजसुधारकांचे योगदान’ अशा पार्श्वभूमीच्या पानांत जाते. तंत्र वेगळे, थोर माणसे वेगळी. या विभागणीवर माझा पहिला आक्षेप आहे.

पण अप्पासाहेबांची बाजू इथेच संपवली तर ती भक्ती होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स’ या ग्रंथात सफाईच्या कामाला उदात्त सेवा ठरवण्यावर कडाडून टीका केली आहे. ज्याच्या गळ्यात जन्माने ते काम पडले आहे त्याला त्याची थोरवी सांगणे ही त्याची क्रूर थट्टा आहे, असा त्यांचा मुद्दा. शिकलेल्या ब्राह्मणाने झाडू घेतला तर तो त्याग. जो पिढ्यान्‌पिढ्या घेतो त्याचा काय? ‘सेवा’ या शब्दावर आजवर झालेली ही सर्वांत गंभीर टीका आहे आणि समाजकार्याच्या ओळखीच्या पहिल्या प्रकरणात ती असायला हवी.

या टीकेला अप्पासाहेबांच्या तुरुंगातल्या उपासापाशी उत्तर नाही. थोडेफार आहे ते कणकवलीत. 1948 मध्ये तिथे त्यांनी गोपुरी आश्रम सुरू केला. मेलेल्या जनावराचे कातडे सोडवण्यापासून मैल्याचे सोनखत करण्यापर्यंतची, जातीने अस्पृश्य ठरवलेली कामे तिथे हाताळली गेली. त्यातून मैला खड्ड्यात कुजवून खत करणारा गोपुरी संडास आला. इथे सेवेची भाषा मागे पडते आणि रचना पुढे येते. मैला दुसऱ्या माणसाने वाहून नेण्याची गरजच उरणार नाही अशी सोय करायची, हा विचार उपासापेक्षा फार पुढचा आहे. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा देशात 1993 मध्ये आला आणि तो अपुरा पडला म्हणून 2013 मध्ये दुसरा करावा लागला. फ्लेक्सनरचे सहा निकष गोपुरीला लावून पाहा : शास्त्र आहे, व्यावहारिक उद्दिष्ट आहे, शिकवता येईल असे तंत्र आहे, जबाबदारी आहे, परोपकार तर आहेच. कमी असेल तर ती व्यावसायिक संघटनेची. तरीही अप्पासाहेबांना कोणी व्यावसायिक म्हणणार नाही, आणि मैला वाहणाऱ्याला तर मुळीच नाही. म्हणजे प्रत्यक्षात निकष सहा नसून सात आहेत आणि सातवा कोणी लिहून ठेवत नाही : काम करणारा कोण आहे.

हा सातवा निकष आजही लागू आहे. तो पाहायला अंगणवाडीत जावे. एकात्मिक बालविकास योजना 1975 मध्ये सुरू झाली. तिच्यात दोन पदे आहेत, ‘सेविका’ आणि ‘मदतनीस’. पुढे 2005 मध्ये आरोग्य अभियानातून ‘आशा स्वयंसेविका’ आली. सेवा, मदत, स्वयंसेवा! ‘साहाय्यकारी व्यवसाय’ या शब्दप्रयोगातला पहिला शब्द सरकारने या बायकांना अक्षरशः पदनाम म्हणून दिला आणि दुसरा काढून घेतला. त्यांना वेतन नाही, मानधन आहे; आशांना तर बराचसा मोबदला कामागणिक मिळतो. अंगणवाडीत पोरांची वजने घेणे, नोंदी भरणे, आहार देणे आणि आशांकडे गरोदर बाईला दवाखान्यात नेणे, लसीला तयार नसलेल्या घरात पुन्हा पुन्हा जाणे, ही कामे पुस्तकातल्या भाषेत सांगायची तर गृहभेट, संबंधनिर्मिती, संदर्भसेवा आणि पाठपुरावा आहेत. एम.एस.डब्ल्यू.च्या विद्यार्थ्याला हेच क्षेत्रकार्यात शिकवतात.

25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला. ही पदे मानसेवी आहेत, पगारी नोकरी नव्हे, असा सरकारी बाजूचा युक्तिवाद होता. मानधन असे नाव दिले तरी तो या कायद्यापुरता मोबदलाच आहे, असे न्यायालयाने म्हटले. समाजकार्य शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल वाचावा. एका शब्दाचे खरे मूल्य रुपयांत ठरवणारा तो मजकूर आहे.

दुसरीकडे पदवीधर समाजकार्याला मान्यता हळूहळू मिळत गेली आहे. भारतात रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्ता पहिल्यांदा नेमला गेला तो 1946 मध्ये, मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला. हे योग्यच झाले. आपल्या जिल्ह्यातल्या ज्यांनी रुग्णाला घेऊन बांबोळी गाठली आहे त्यांना रुग्णालयातल्या अशा माणसाची किंमत वेगळी सांगायला नको. 2018 मध्ये गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा दोडामार्ग भाग पेटला होता. कोणत्या योजनेत बसते, कोणता कागद लागतो, कोणत्या खिडकीवर जायचे, हे सांगणारा माणूस त्या वेळी शस्त्रक्रियेइतकाच गरजेचा असतो. फ्लेक्सनरने ज्याला ‘नुसता मध्यस्थ’ म्हणून बाजूला सारले तोच हा.

मध्यस्थीला कमी लेखण्याची खोड आपल्या मुलखाला तरी नसावी. आपल्याकडे गाऱ्हाणे घालतात. ज्याची अडचण आहे तो गप्प उभा असतो आणि जाणता माणूस त्याच्या वतीने देवाशी बोलतो : अमुक घरचे लेकरू, मुंबईस असते, अमुक संकटात आहे, त्याचे रक्षण कर. भोवतालचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साक्ष देतात. दुसऱ्याचे म्हणणे नेमक्या शब्दांत, अधिकाऱ्यासमोर, सगळ्यांच्या देखत मांडणे हे कौशल्य आहे आणि ते शिकावे लागते. फरक एवढाच की गाऱ्हाण्यात माणूस सर्वांदेखत उभा असतो, तर समाजकार्याची नीती त्याची हकीकत गुप्त ठेवायला सांगते. एच.आय.व्ही. असलेल्या किंवा नवऱ्याने मारलेल्या बाईला दुसरी रीतच हवी. इथे पुस्तक बरोबर आहे आणि गावकी चूक.

2014 मध्ये मेलबर्नला समाजकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी नवी जागतिक व्याख्या स्वीकारली. तिच्यात सामाजिक बदल आहे, सक्षमीकरण आहे, मुक्ती आहे, स्थानिक ज्ञानाची दखलही आहे. मदत हा शब्द मात्र नाही. मराठी पुस्तके ही व्याख्या देतात आणि पुढच्याच परिच्छेदात पुन्हा साहाय्यकारी व्यवसायाकडे वळतात. दोन्हींचा मेळ घालण्याचे कष्ट कोणी घेत नाही. मालवण किनाऱ्यावरच्या पारंपरिक मच्छीमारांनी पर्ससीन जाळ्यांविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला आणि 2016 मध्ये राज्य सरकारला त्या मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. हे पुस्तकातल्या ‘समुदाय संघटन’ या प्रकरणाचे हातातले उदाहरण आहे. त्यात साहाय्यक नाही आणि सेवार्थीही नाही. रापण ओढणाऱ्यांना वाट्याचा हिशेब कळतो, तोच त्यांनी समुद्राला लावला.

मग पदवी कशाला, असे कोणी विचारील. माझा तो निष्कर्ष नाही. गोपनीयता, पूर्वग्रह बाजूला ठेवून ऐकणे, नोंद ठेवणे आणि कायद्याची माहिती या गोष्टी शिकवल्याशिवाय येत नाहीत आणि नुसत्या कळवळ्याने नुकसान झालेली घरे मी पाहिली आहेत. आक्षेप आहे तो शिकवण्याच्या दिशेवर. विद्यार्थी क्षेत्रकार्याला खेड्यात येतो तो सेविकेला ‘मार्गदर्शन’ करायला. ती त्याला चहा देते, रजिस्टर दाखवते, तो माहिती उतरवून घेतो आणि अहवालात तिचा उल्लेख ‘स्थानिक स्रोत’ असा करतो. निदान एक सत्र उलट करून पाहावे. विद्यार्थ्याने मदतनीस बाईच्या हाताखाली काम करावे आणि त्याच्या नोंदवहीवर पर्यवेक्षक म्हणून तिची सही असावी. पर्यवेक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते, अशी अडचण महाविद्यालये सांगतील. मग सह्या दोन घ्याव्यात, आणि तिच्या सहीचा मोबदला प्राध्यापकांच्या दराने द्यावा.