सही कोणाची? : ‘चॅलेंजर’वरील एका ग्रंथाच्या निमित्ताने

डायेन वॉन ह्या समाजशास्त्रज्ञ लेखिकेचा ‘द चॅलेंजर लाँच डिसिजन’ हा ग्रंथ शिकागो विद्यापीठाने १९९६ साली प्रसिद्ध केला. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि आतले सातही अंतराळवीर गेले, त्या निर्णयाची ही मीमांसा. विषय अमेरिकेतला खरा. पण ज्याने कधी कारखान्यात ‘काम थांबवा’ म्हटले आणि वरून ‘चालू करा’ असे ऐकले, त्याला तो परका वाटणार नाही. मी फौंड्रीत सुपरवायझरी केलेला वाचक. हा ग्रंथ मला निव्वळ इतिहास म्हणून वाचता आला नाही.

आदल्या रात्रीची हकीकत थोडक्यात अशी. यानाला जोडलेली दोन रॉकेटे मॉर्टन थायोकोल ही कंपनी बनवीत असे. त्यांच्या सांध्यांत ‘ओ-रिंग’ नावाच्या रबरी कड्या असत. थंडीत रबर कडक होऊन सांधा वेळेवर बंद होणार नाही, अशी रॉजर बोझोले आदी अभियंत्यांना भीती होती. म्हणून ५३ अंश फॅरनहाइटखाली, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसखाली, उड्डाण नको, असे कंपनीने फोनवरच्या बैठकीत कळवले. ‘नासा’चे अधिकारी नाराज झाले. कंपनीने विचाराला पाच मिनिटे मागितली, ती अर्ध्या तासावर गेली. तेवढ्यात वरिष्ठ अधिकारी जेरी मेसन ह्यांनी अभियांत्रिकीचे प्रमुख रॉबर्ट लंड ह्यांना अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची घालण्यास सांगितले. मराठी वाचकाला ‘टोपी घालणे’ ह्याचा दुसरा अर्थ येथे आठवल्यावाचून राहणार नाही. मते फक्त चार व्यवस्थापकांची घेतली गेली आणि निर्णय फिरला.

नफ्यासाठी जाणूनबुजून नियम मोडले गेले, अशाच समजुतीने लेखिकेने अभ्यासाला सुरुवात केली होती. कागदपत्रे तपासता तपासता तिला उलटेच आढळले. नियम पाळले गेले होते! कड्या झिजल्याचे १९८१ पासून दिसत होते. दर वेळी ‘एवढे चालते’ असे ठरत गेले आणि बिघाड हाच नेम झाला. ग्रंथाचे हे मर्म मला पूर्णपणे पटते. क्रेनची साखळी एका दिवसात धोक्याची होत नाही. ती रोज थोडी झिजते आणि रोज चालते.

माझा मतभेद पुढे आहे. संस्कृतीने सारे घडवले असे म्हणता म्हणता त्या रात्रीची माणसे धूसर होतात. उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचा रिवाज होता. त्या रात्री मात्र ते धोक्याचे आहे हे सिद्ध करा, असा उलटा भार आपल्यावर आला, असे बोझोले आणि लंड ह्या दोघांनीही चौकशी आयोगापुढे सांगितले. हा उलटलेला प्रश्न त्याच क्षणी ओळखणे, हेच दडपणाखालच्या माणसाचे पहिले काम नव्हे काय? दुसरे काम पुराव्याचे. अभियंत्यांनी बिघाड झालेली उड्डाणे तेवढी मांडली. आयोगाने सगळी मांडली, तेव्हा चित्र लख्ख झाले: ६६ अंश व त्याहून उबदार हवेतल्या २० उड्डाणांपैकी तिनांत बिघाड, थंडीतल्या चारही उड्डाणांत बिघाड.

तिसरे काम ॲलन मॅक्डॉनल्ड ह्यांनी केले. कंपनीचा तळावरचा हा वरिष्ठ माणूस. त्याने संमतिपत्रावर सही करण्यास नकार दिला. सही मग दूर यूटाहून जो किल्मिन्स्टर ह्यांनी केली. उड्डाण थांबले नाही हे खरे, कारण अंतिम निर्णय घेणाऱ्यांच्या कानांवर ही हरकत गेलीच नाही. नुसता नकार पुरत नाही. तो वरपर्यंत पोचावा लागतो. पण कोणी ‘नाही’ म्हटले आणि कोणी ‘हो’, हे त्या एका कागदामुळे कायमचे नोंदले गेले.

१ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यान कोसळले. पंखाची छायाचित्रे घ्यावीत ही अभियंत्यांची मागणी तेव्हाही वाटेतच विरली होती. चौकशी मंडळाने वॉनबाईंची मदत घेतली, ह्यातच ग्रंथाची थोरवी आली. तो अवश्य वाचावा. मात्र समजून घेणे म्हणजे सोडून देणे नव्हे, एवढे वाचकाने स्वतःकडे ठेवावे. सवयी संस्थेच्या असतात. सही माणसाचीच असते.