‘टँक’ या शब्दाचे मूळ आणि भंडाऱ्याचे तलाव

इंग्रजीतील ‘टँक’ हा शब्द हिंदुस्थानातून तिकडे गेला, असे विधान नेहमी केले जाते. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात मात्र गुजराती-मराठी ‘टांके’ व पोर्तुगीज ‘तांक’ या दोन्ही शब्दांचा विचार आहे, आणि तोच मार्ग अधिक ग्राह्य होय. पाणी अडविणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला ‘एस्तांके’ हा शब्द स्पॅनिशमध्येही आहे. त्याला हिंदी मुळाची गरज नाही. उलट मराठी ‘टांके’ संस्कृत ‘तडागा’पासून काढणे ध्वनिदृष्ट्या अवघड दिसते. गडावरचे टाके खडकात खोदलेले असते, खोदण्याच्या हत्याराला ‘टाकी’ म्हणतात, आणि संस्कृत ‘टंक’ही छिन्नीचाच वाचक आहे. हे नाते अनुमानाचे खरे, पण अर्थाला धरून आहे. दोन स्वतंत्र शब्द पश्चिम किनाऱ्यावर एकत्र आले असावेत. १९१५ साली युद्धातील चिलखती गाडीला गुप्ततेसाठी हेच नाव मिळाले, तेही पाण्याच्या टाकीच्या बहाण्याने.

अर्थाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. कोहळी समाजाने भंडारा भागात बांधलेले तलाव खोदीव नव्हेत. मातीची पाळ घालून अडविलेले ते पाणी. लोक त्यांना तलाव म्हणतात, लहानांना बोडी. टाके कोणी म्हणत नाही. इंग्रजी दप्तरात मात्र तलावाचा ‘टँक’ झाला. या शब्दाने भांडे तेवढे सुचते; वाजिब-उल-अर्जात नोंदलेले गावाचे पाण्यावरील हक्क सुचत नाहीत. जुने अहवाल मराठीत आणणाऱ्याने ‘टँक’ला ‘टाकी’ म्हटले, तर ही उणीव दुप्पट होते.

पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे वैनगंगेवरील धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. (‘खुर्द’ हा फारसी शब्द, अर्थ लहान, धरणाचे नाव मात्र इंदिरा सागर!) त्या जलाशयाशेजारी तलाव ठेवला की तो केवळ आकाराने लहान वाटतो. पण भेद आकाराचा नाही. धरणाचे पाणी शासनाच्या प्रकल्पाचे, तर तलावाचे पाणी गावच्या वहिवाटीचे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले आणि पाणीपट्टीचा वाद उभा राहिला. त्या तलावांना ‘माजी मालगुजारी’ म्हणू लागले. या नावाच्या आद्याक्षरांतून ‘मामा तलाव’ हा शब्द तयार झाला. कारकुनी संक्षेपच तो, पण गावाच्या तोंडी त्याला आईच्या भावाचे नाते चिकटले.